न धुतलेले हात

परेशच्या दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, हा माणूस कवट्यांचा व्यापार करतो की काय. खांदा कॉलनीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, शिवणक्लास आणि झेरॉक्सवाल्याच्या मधे त्याचा गाळा आहे. शटर अर्धं खाली, आत एसीचा गारवा, आणि फळीवर ओळीने मांडलेल्या पांढऱ्या कवट्या. कुणाचा जबडा वाकडा, कुणाच्या एका डोळ्याची खोबण खाली उतरलेली, कुणाच्या टाळ्याला फट. शिवणक्लासच्या बायका येताजाता मान दुसरीकडे वळवतात. झेरॉक्सवाला दिनानाथ मात्र चहाला आला की म्हणतो, "परेशभाऊ, एखादी गंभीर चेहऱ्याची ठेवा की. सगळ्याच काय हसताहेत?"

कवट्या प्लास्टिकच्या. जन्मतःच ज्या पोरांचं डोक्याचं किंवा चेहऱ्याचं हाड चुकीचं वाढलेलं असतं, त्यांचं सीटी स्कॅन डॉक्टर परेशकडे पाठवतात. तो त्यातलं हाड तेवढं वेगळं काढतो आणि मशीनवर थरावर थर चढवत त्या पोराची कवटी जशीच्या तशी छापतो. मग डॉक्टर आधी त्या कवटीवर पेन्सिलीने रेघा मारतात, करवत चालवून बघतात, तुकडे जुळवून बघतात. खऱ्या डोक्याला हात लावायचा तो नंतर. छापण्यात केसभर चूक झाली तर रेघ केसभर चुकणार, आणि त्या रेघेखाली मेंदू असतो. त्यामुळे कामाच्या बाबतीत परेश भलताच काटेकोर. घरी मात्र स्वतःचा चष्मा कुठे आहे हे त्याला समीक्षाला, म्हणजे बायकोला, विचारावं लागतं.

मशीनच्या बरोबर वरच्या फळीवर कवटी नव्हती. तिथे दोन हात होते. मनगटापर्यंतचे, पांढरे, खाली एकाच पट्टीने जोडून छापलेले, बोटं किंचित वाकवलेले, अंगठे समोरासमोर. जणू त्यांच्यामध्ये काहीतरी गोल वस्तू होती आणि कुणीतरी ती काढून नेली.

ते हात जनीचे. परेशच्या आजीचे.

उलव्याच्या पलीकडे त्यांचं गाव होतं. आता ते गाव विमानतळाच्या कुंपणात गेलं आणि जनी जिथे चूल पेटवायची तिथून विमानं उडतात. पण त्याआधीची चाळीस वर्षं त्या गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं डोकं जनीच्या हाताखालून गेलेलं. बाळंतिणीच्या घरी ती रोज दुपारी बाराच्या सुमाराला जायची. खोबरेल तेलात वेखंड उगाळून बाळाची टाळू भरायची, मग दोन्ही अंगठे कपाळावर आणि आठ बोटं मागे अशी ओंजळीत डोकं धरून हळूहळू दाबत बसायची. महिन्याभरात डोकं असं गोल व्हायचं की बघत राहावं. "कुंभार आन मी सारकीच," ती म्हणायची. "त्याचं फुटतं, माजं नाय फुटत." तिच्या डाव्या अंगठ्याच्या पेरावर विळ्याने कापल्याची एक आडवी खाच होती. त्या खाचेचा ओरखडा गावातल्या निम्म्या कपाळांनी लहानपणी सोसला होता.

परेश तर तिच्याच हातात वाढला. तो आठ दिवसांचा असताना त्याची आई गेली. "तुजी टालू लै उशिरा भरली रं," असं म्हणत जनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून चाचपून बघायची. नातवाचं लग्न झालं तरी तिची ही खोड गेली नाही.

पाच वर्षांपूर्वी परेशने हातात धरायचा स्कॅनर घेतला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून आजीच समोर होती. आवारातल्या कुणाचंतरी तान्हं न्हाऊ घालून नुकतीच आली होती.

"काय करतस रं?"

"तुजे हात ठेवतंय, आजी. आयुष्यभर राहातील."

ती हसली. हात पुढे केले. पण स्कॅनरला ते दिसेनात. चमकणारी वस्तू त्याला दिसत नाही, आणि तिच्या हातांवर तेल चमकत होतं.

"थांब, धुऊन येतंय."

"धुऊ नको गं. पावडर मारतो. पावडर मारली की दिसतील."

हसता हसता जनी थांबली. तिने नातवाकडे जरा वेळ बघितलं. "न धुता ठेवतंस?"

"हो गं. काय फरक पडतो?"

"ठेव मग," ती म्हणाली. "तूच ठेवतंयस." आणि हात हलू नयेत म्हणून तिने ते सवयीप्रमाणे धरले, एखादं डोकं धरावं तसे.

त्याच वर्षी ती गेली. परेशने हात छापले आणि मशीनच्या वर ठेवले. धंदा चालला. आजीचा आशीर्वाद म्हणायचा तो, आणि अगदी मनापासून म्हणायचा.

त्या सोमवारी सकाळी स्नेहल मॅडमचा फोन आला. नव्या पनवेलमधल्या एका रुग्णालयात त्या मुलांच्या कवटीची आणि चेहऱ्याची ऑपरेशनं करतात.

"परेश, फाइल पाठवलीये. रिया, दहा महिने. शुक्रवारी घेतेय. मॉडेल बुधवारी सकाळी माझ्या हातात हवं."

"मिळेल, मॅडम."

"कपाळाचं हाड आहे. घाई करू नका, पण उशीरही नको."

डॉक्टर लोकांचं बोलणं असंच असतं.

परेशने फाइल उघडली. कपाळाच्या मधोमध वरून खाली एक धार उतरली होती, होडीच्या नाळेसारखी. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं सुटी सुटी असतात, मेंदू वाढतो तशी ती सरकतात. या पोरीच्या कपाळाची दोन हाडं मात्र आईच्या पोटातच सांधून गेली होती. आतल्या मेंदूने जायचं कुठे? त्याने मशीन लावलं. वीस-बावीस तासांचं काम होतं.

मंगळवारी साडेअकराला कवटी तयार झाली. त्याने ती उचलली, आधाराच्या काड्या मोडून काढल्या आणि उजेडात धरली. कपाळाच्या धारेच्या दोन्ही बाजूंना एकेक उथळ खळगा होता.

मशीन तापून कधीकधी थर बसतो. त्याने फाइल पुन्हा बघितली. फाइलमध्ये कपाळ साफ होतं. तो चरफडला, मशीनला दोन शिव्या घातल्या. मग पुट्टी भरून खळगे बुजवले, सँडपेपरने घासले आणि कॅलिपर लावून फाइलशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं. कवटी टेबलावर ठेवून तो मशीनमागच्या गादीवर आडवा झाला. दुपारची ही अर्ध्या तासाची झोप म्हणजे त्याचा एकुलता एक षौक.

जाग आली ती वासाने.

एसीच्या थंड, प्लास्टिकच्या वासात दुसराच वास मिसळला होता. उबदार, थोडा कडवट. खोबरेल तेल आणि वेखंड. शेजारी शिवणयंत्रांचा आवाज नव्हता, रस्त्यावर रिक्षाही वाजत नव्हती. भर दुपारी कधीकधी सगळं गाव एकदम गप्प होतं तसं झालं होतं. तो उठून बसला. घड्याळात बारा पस्तीस.

टेबलावरची कवटी जागेवरच होती. पुट्टी आत दबली होती. खळगे आता खोल झाले होते, आणि मागच्या बाजूला चार इकडे, चार तिकडे असे आठ नवे उठले होते.

परेशने कवटी हातात घेतली. डावीकडच्या खळग्यात, तळाशी, एक बारीक आडवी रेघ उमटली होती. त्याने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

 काटेकोर माणूस तो, खात्री केल्याशिवाय राहवेना. त्याने फळीवरचे हात खाली घेतले आणि कवटी त्यांच्यामध्ये सरकवली. दहाच्या दहा बोटं आपापल्या खळग्यात जाऊन बसली. कुठे केसभरही फट राहिली नाही. हात परत ठेवताना त्याला जाणवलं की आपले तळवे तेलकट झालेत.

त्या संध्याकाळी त्याने समीक्षाला काही सांगितलं नाही. रात्रभर कूस बदलत राहिला. बुधवारी सकाळी दुकान उघडून नवीन कवटी छापायला लावली, मशीन तापू नये म्हणून वेग कमी ठेवून, हात फळीवरून काढून कपाटात बंद केले, आणि मॅडमकडून एक दिवस मागून घ्यायला रुग्णालयात गेला.

मॅडमच्या खोलीत आधीच आवाज चढलेला होता. टेबलासमोर एक तरुण बाई बाळाला घेऊन बसली होती. बाजूला नऊवारीतली सासू उभी.

"मॅडम, आता तुम्हीच सांगा आईंना," सून म्हणत होती. तिचं नाव मोनाली. "मी कंटाळले. दुपारी माझा जरा डोळा लागला की रियाच्या डोक्याला तेल फासतात. रोज! ही टोपी बघा."

मॅडमनी टोपी हातात घेतली. कापूस तेलाने पारदर्शक झाला होता.

"आजी, मी किती वेळा सांगितलं? शुक्रवारी मी हिचं कपाळाचं हाड पूर्ण बाहेर काढणार, त्याला आकार देणार आणि परत बसवणार. ते नुसतं अलगद टेकवलेलं असेल. त्यानंतर दोन महिने तिथे कुणाचं बोटसुद्धा लागता कामा नये. तुम्ही असं दाबलंत तर हाड थेट मेंदूवर जाईल. पोरगी जाईल, आजी."

"मी नाय लावलं गो बाय." म्हातारीचे डोळे भरले. "नातीच्या गल्याची शपत. मी तं तिला हात बी लावत नाय."

"मग कोण लावतं?" मोनाली म्हणाली. "घरात आपण दोघीच असतो दुपारी."

"हे थांबलं नाही तर मला ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल," मॅडम म्हणाल्या, "आणि पुढे ढकलण्याइतका वेळ हिच्याकडे नाही." मग त्यांना दारातला परेश दिसला. "मॉडेल?"

"मॅडम, एक दिवस द्या. मशीनने दगा दिला."

मॅडमनी टोपी टेबलावर ठेवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "उद्या चारच्या आत," एवढंच म्हणाल्या.

परेशचं लक्ष मात्र टोपीकडे होतं. त्या खोलीत फिनेलचा वास होता आणि त्याच्या आत तोच दुसरा वास.

तो बाहेर आला तेव्हा म्हातारी त्याच्या मागोमाग आली. जिन्याखाली तिने त्याच्या दंडाला धरलं.

"तू जनीचा नातू ना रं? परेश?"

"हो, मावशी."

"मना वलकलं नाय? मी सोनाबाई. तुमच्या घरापास्न चवथं घर." ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "वास आला ना तुला? मी बघितलं तुज्या तोंडाकडं."

परेशने मान हलवली.

"त्यो वास कोनाचा, ते तुला मी सांगाला नको…"

जिन्याखाली बाकड्यावर बसून तिने जे सांगितलं ते परेशला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. गावचा रिवाज होता. सव्वा महिना झाला की बाळाची आई जनीच्या हातांवर कोमट पाणी घालायची, बेसन लावून तेल स्वतःच्या हाताने धुऊन काढायची आणि लुगडं-नारळ द्यायची. आईनेच धुवायचे, दुसऱ्या कुणी नाही. तोवर बाळाचं डोकं जनीच्या हातात आहे असं मानायचे. धुतलं की तिने सोडलं.

"माजा प्रणित, या रियाचा बापूस, त्याचा पन कपाल जरा असाच होता. जनी म्हनली, व्हईल बरोबर. रोज येयाची. इसाव्या दिशी पोराला ताप आला. मी बोंबलली, हिनं दाबून दाबून माजा पोर मारला. सगल्या आलीला ऐकवलं. दारातनं हाकलली तिला." सोनाबाई पदराने तोंड पुसत राहिली. "ती तेलाच्या हातानंच गेली रं. एक शबुद बोलली नाय. पोर दोन दिसांत बरा झाला. मंग मना लाज वाटली. उद्या जाईन, परवा जाईन… बत्तीस वर्सं गेली. गाव उठला. ती पन गेली. माज्या घरचा डोका तिच्या हातान अर्धाच रायला. आता ती त्यो पुरा कराला येते."

"पण आजीला आपण जाळली, मावशी," परेशही नकळत गावच्या बोलीत शिरला. "हातासकट जाळली. मंग हात आलं कुठनं?"

हे बोलता बोलताच त्याला तेलाने चमकणारे ते हात आठवले. मग त्याने स्कॅनरचं, पावडरचं, फळीचं सगळं सांगून टाकलं.

सोनाबाई ऐकत राहिली. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला. "धुतलं होतं का?"

"…नाय."

"मी नाय धुतलं ते नाय धुतलं," ती म्हणाली, "तू तं ठेवून दिलंस."

परेशला काय वाटलं म्हणून सांगावं? लहानपणी काही फोडलं की आजी येईपर्यंत जसं वाटायचं, तसं त्याला वाटलं. फक्त आता आजी यायची ती कशी यायची, याचीच भीती होती.

गुरुवारी रियाला दाखल केलं. मोनालीला मॅडमनी बजावलं होतं, क्षणभर डोळा मिटायचा नाही. सोनाबाई "देवळात जाते" म्हणून निघाली आणि बाराला दहा मिनिटं कमी असताना खांदा कॉलनीत उतरली. पिशवीत बेसनाचा पुडा, नारळ आणि कोरं लुगडं.

परेशने शटर पूर्ण खाली ओढलं. मशीन चालू होतं. दुसरी कवटी टाळूपर्यंत आली होती, शेवटचे थर चढत होते. त्याने कपाट उघडलं.

हात कपाटात मागच्या कोपऱ्यात ठेवले होते. आता ते अगदी दाराशी होते. खालच्या फळीवर तेलाचे दोन डाग पसरले होते.

सोनाबाईने घमेल्यात कोमट पाणी घेतलं. हात मांडीवर घेतले. बेसन लावलं आणि घासायला लागली. तेल निघालं. पाणी बदललं. पुन्हा घासलं, पुन्हा तेल. प्लास्टिकच ते, आत पोकळ. त्यात तेल असायचं काय कारण? पण ती पुसायची आणि पेरापेरांतून परत बारीक थेंब फुटायचे, घाम फुटावा तसे. चार वेळा पाणी बदललं. साडेबारा झाले. शेजारची शिवणयंत्रं बंद पडली.

परेशचा फोन थरथरला. मोनाली होती. सोनाबाई सापडल्या नाहीत तर मला फोन करा, असं सांगून त्याने आदल्या दिवशी तिला आपला नंबर दिला होता, कशाला ते न सांगता.

"दादा, आई आहेत का तिथे? कुठेच सापडत नाहीत…" ती म्हणाली. "मी जागी आहे. मी समोर बसलेय. तिच्या कपाळावर… कपाळाची कातडी आत दबतेय. समोर कुणीच नाही. ती रडत नाहीये दादा, ती हसतेय…"

"मावशी," परेश म्हणाला. "मावशी, लवकर."

सोनाबाईने घासणं थांबवलं. तिने ते पांढरे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि त्यांच्याकडे, माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं, बघितलं.

"जनीबाय," ती म्हणाली. "चूक माजी. पोराला ताप माज्या दुधाचा आला, तुज्या हाताचा नाय. ते मना तवाच कललं होतं. मी तुला आलीत बोलली, माजी जीभ झडली नाय, त्याचंच मना नवल वाटतंय. तुज्या हातानं माजा पोर शाना झाला. आता त्याचा डोका मना दे. नातीचा पन दे. पाया परतंय तुज्या…"

तिने शेवटचा तांब्या ओतला. घमेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. वास आला, तेलाचा नाही. पावडरीचा. पाच वर्षांपूर्वी परेशने डबी उपडी करून मारली होती त्या स्वस्त, गुलाबाच्या वासाच्या पावडरीचा.

हात कोरडे झाले. पुन्हा थेंब आला नाही. शेजारचं एक शिवणयंत्र सुरू झालं, मग दुसरं.

फोनवर मोनाली रडत होती. "थांबलं, दादा. थांबलं."

थोड्याच वेळात मशीनने शिटी दिली. परेशने नवीन कवटी काढली आणि उजेडात फिरवून फिरवून बघितली. साफ. धार तेवढी होती, ती फाइलमध्येही होती. त्याच्या जिवात जीव आला. तरी सवयीप्रमाणे त्याने ती जनीच्या हातांमध्ये धरून पाहिली. आता ती बसेना. दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं फट राहत होती, कवटी आत नुसती डगडगत होती.

"मोकले झाले," सोनाबाई म्हणाली. तिने लुगड्यात हात गुंडाळले, वर नारळ ठेवला. "मी खाडीत सोडते. तुज्या त्या मशीनमदी काय असंल ते पन पुसून टाक."

त्याने तिच्यादेखत फाइल पुसली.

शटरपाशी ती थांबली. त्याच्या डोक्याकडे बघत म्हणाली, "तुज्या येलेला कोनी धुतलं रं? तुजी आयस तं आठव्या दिशी…" आणि मधेच गप्प झाली. मग स्वतःच हसली. "जाऊ दे. नातवाला कशाला लागतंय. तू तं घरचाच."

चारच्या आत मॉडेल पोचलं. शुक्रवारी सात तास ऑपरेशन चाललं. कानापासून कानापर्यंत कातडी उलटी करून मॅडमनी कपाळाचं हाड काढलं, वळवलं, आपोआप विरघळणाऱ्या पट्ट्यांनी परत बसवलं. चौथ्या दिवशी रियाच्या डोळ्यांवरची सूज उतरली आणि तिने पहिल्यांदा आजीला ओळखलं. टोपी रोज कोरडी निघाली. मोनालीने सासूची माफी मागितली, कशाबद्दल ते दोघींनीही उच्चारलं नाही.

तीन महिन्यांनी मॅडमनी तपासणीचं स्कॅन पाठवलं. "नुसतं बघा," म्हणाल्या, "तुमच्याही मेहनतीचं फळ आहे." परेशने हौसेने ती कवटी छापली. गोल, रुंद, नितळ कपाळ. त्याने त्यावर अंगठा फिरवला आणि त्याला भरून आलं. आजीने हे बघायला हवं होतं, असं त्याला खरंच वाटलं.

त्याच आठवड्यात समीक्षाने उशीचा अभ्रा त्याच्या पुढ्यात टाकला. "कधीपासून डोक्याला तेल लावायला लागलास? लावायचं तर लाव, पण उशीवर टॉवेल घाल. तिसरा अभ्रा धुतेय मी."

परेशने जन्मात कधी स्वतःहून डोक्याला तेल लावलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गादीवर पडला. झोपायचं नाही असं ठरवून पडला होता. मशीन बंद होतं. फळीवर हातांची जागा मोकळी होती, धुळीत त्यांचा ठसा अजून दिसत होता. त्याच्या डोक्यात ती फट फिरत होती. मोठ्ठी फट, दोन-दोन बोटांची. मोकळे झाले म्हणून हात उघडले असते तर बोटं सरळ व्हायला हवी होती. बोटं तर वाकलेलीच होती. नुसतं अंतर वाढलं होतं. मोजून घेतल्यासारखं, मोठ्या माणसाच्या डोक्याएवढं.

सगळ्या डोक्यांसाठी हात धुऊन झाले होते. राहिलं होतं ते एक. आणि त्यासाठी हात धुणारी आई चौतीस वर्षांपूर्वी, आठव्या दिवशीच गेली होती.

शेजारची शिवणयंत्रं थांबली.

वास आला. या खेपेला तो दुरून आला नाही, त्याच्या स्वतःच्या केसांतून आला.

"आजी…" तो अगदी हळू म्हणाला. "माजं हाड आता लवायचं नाय गं. मी मोठा झालो."

त्याने हात वर नेला आणि डोक्याच्या मध्यावर टेकवला. केस ओलसर होते. खाली हाड लागायला हवं होतं. बोटं अलगद आत गेली. रुपयाएवढ्या जागेत हाड नव्हतंच, नुसती मऊ, कोमट कातडी होती, आणि तिच्याखाली काहीतरी वर येत होतं, खाली जात होतं. तान्ह्या बाळाची टाळू उडते तशी त्याची टाळू उडत होती.

तिथे कुणाचं बोटसुद्धा लागता कामा नये, हे त्याला पाठ होतं. त्याने घाईघाईने आपला हात काढून घेतला.

डोक्यावरचा हात मात्र तसाच राहिला.